सहयोगी निवडपद्धतीचा विकास : साक्षीकडून खुणेकडे

१

इंटरनेटवर ग्रंथ, चित्रपट अथवा गीत शोधणाऱ्या दोन व्यक्तींपुढे आज एकच यादी येत नाही. दोघेही एकाच दुकानात एकाच दाराने शिरले, तरी फळ्यांवरील मांडणी प्रत्येकासाठी निराळी असते. ही मांडणी कोणी ग्रंथपाल वा संपादक करीत नाही. लक्षावधी लोकांच्या निवडींची नोंद ठेवून त्या नोंदींवरून प्रत्येकाच्या आवडीचा अंदाज बांधणारे गणित ती करीत असते. या व्यवस्थेस शिफारस-प्रणाली म्हणतात, आणि तिचा मुख्य भार ज्या पद्धतीवर आहे तिला इंग्रजीत कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग असे नाव आहे. प्रस्तुत निबंधात तिला सहयोगी निवडपद्धती असे म्हटले आहे.

या पद्धतीचा इतिहास बहुधा अचूकतेच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम अंदाज ढोबळ होते, पुढे गणित सुधारले, आणि अंदाज सूक्ष्म झाले, असा त्याचा सारांश असतो. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. कारण या काळात केवळ गणित बदलले नाही, तर गणित ज्या पुराव्यावर उभे होते तो पुरावाच बदलला.

इतिहासाच्या अभ्यासकास पुराव्याचे दोन वर्ग चांगले परिचित आहेत. पहिला वर्ग साक्षीचा. महजरावर आपली निशाणी उमटविणारा गावकरी जाणूनबुजून काही सांगत असतो. त्याला नाव असते, आणि त्याचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावयाचे हे तो कोण आहे यावरून ठरविता येते. दुसरा वर्ग खुणांचा. जुनी वखार, झिजलेली पायरी अथवा किराणा दुकानाची वही कोणाला काही सांगण्याच्या हेतूने मागे राहिलेली नसते. तिचा अर्थ पाहणाऱ्यास लावावा लागतो. सहयोगी निवडपद्धतीचा आरंभ साक्षीपासून झाला आणि तिचा प्रवास खुणेकडे झाला. हा प्रवास कोणत्या टप्प्यांनी व कोणत्या कारणांनी घडला, आणि त्यात वाचकाच्या हातून काय गेले, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू होय.

२

यंत्राच्या साहाय्याने प्रत्येकास त्याच्या उपयोगाचे तेवढेच वाचावयास द्यावे, ही कल्पना या पद्धतीहून जुनी आहे. आय. बी. एम. कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये अशा एका व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला होता. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कार्यक्षेत्राचे शब्दरूप वर्णन यंत्राजवळ ठेवावयाचे, नव्या लेखांतील शब्द त्याच्याशी ताडून पाहावयाचे, आणि जुळणारे लेख त्याच्याकडे धाडावयाचे, अशी योजना होती. १९७९ मध्ये एलेन रिच यांनी ग्रंडी नावाच्या प्रणालीचे वर्णन केले. ती वाचकास स्वतःविषयी सांगावयास लावी आणि त्याला ठराविक नमुन्यांत बसवून कादंबऱ्या सुचवी. या दोन्ही प्रयत्नांत यंत्रास एकाच वाचकाची माहिती होती. त्याच्यासारख्या इतरांच्या मताचा आधार त्यांत नव्हता.

तो आधार प्रथम घेतला गेला पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात. तेथे विद्युत्-टपाल इतके वाढले होते की कामाचे पत्र कोणते व निरर्थक कोणते हे ठरविण्यातच वेळ जाऊ लागला. डेव्हिड गोल्डबर्ग, डेव्हिड निकोल्स, ब्रायन ओकी आणि डग्लस टेरी या चौघांनी त्यावर टॅपेस्ट्री नावाची प्रणाली रचली आणि डिसेंबर १९९२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग हा शब्दप्रयोग त्याच लेखाने रूढ केला.

टॅपेस्ट्रीचे तत्त्व साधे होते. वाचणाऱ्याने वाचलेल्या मजकुरास आपला शेरा जोडावा, आणि इतरांनी आपापली निवड करताना त्या शेऱ्यांचा उपयोग करावा. अमुक विषयावरील जे लेख अमुक सहकाऱ्याने चांगले म्हणून नोंदविले असतील तेवढेच आपल्याकडे यावेत, असे वाचकास प्रणालीला सांगता येई. कोणाचे मत प्रमाण मानावयाचे हे वाचकच ठरवी, आणि ज्याचे मत घेतले तो माणूस त्याला ठाऊक असे. येथे सहयोग हा शब्द शब्दशः खरा होता.

तथापि याच प्रणालीत पुढील बदलाचे बीजही होते. एखाद्या लेखास कोणी उत्तर पाठविले, तर ते उत्तर हेच त्या लेखाच्या महत्त्वाचे गमक मानता येईल, असे तिच्या कर्त्यांनी नमूद केले होते. उत्तर लिहिणाऱ्याचा हेतू शिफारस करण्याचा नसतो. त्याच्या कृतीतून शिफारस काढली जाते. साक्ष व खूण या दोहोंचा भेद अशा रीतीने मूळ लेखातच अंतर्भूत होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

३

टॅपेस्ट्रीची मर्यादा उघड होती. ज्या समूहात लोक परस्परांस ओळखतात तेथेच ती चालणार. ज्याला कोणाचे मत घ्यावे हे ठाऊक नाही त्याला तिचा उपयोग नाही. यूजनेट या जगभर पसरलेल्या वार्तासमूहांच्या जाळ्यात तर वाचक सर्वस्वी परस्परांस अपरिचित होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि मिनेसोटा विद्यापीठ येथील पॉल रेझ्निक, जॉन रीडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ग्रुपलेन्स ही प्रणाली मांडली, ती या अडचणीवर उपाय म्हणून.

ग्रुपलेन्समध्ये वाचकाने प्रत्येक लेखास १ ते ५ पर्यंत गुण द्यावयाचे असत. समजा, दोन वाचकांनी दहा लेख वाचले आणि त्यांचे गुण बहुतांशी जुळले. आता पहिल्यास अकरावा लेख आवडला असेल, तर दुसऱ्यासही तो आवडण्याचा संभव अधिक, असे अनुमान प्रणाली करी. दोन वाचकांची मते कितपत जुळतात हे संख्याशास्त्रातील सहसंबंध गुणांकाने मोजले जाई, आणि ज्याचे मत अधिक जुळते त्याच्या गुणांना अधिक वजन मिळे. पूर्वी एकमत झालेले लोक पुढेही एकमत होण्याचा संभव असतो, या एका गृहीतकावर हा सारा डोलारा उभा होता. वाचकाने टोपणनाव घेतले तरी चालत असे, कारण तो कोण हे कोणास कळण्याची आवश्यकताच उरली नव्हती.

याच सुमारास उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी मास यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रिंगो ही संगीताची शिफारस करणारी प्रणाली चालविली. ती विद्युत्-टपालाने चाले, आणि तीत १ ते ७ असे गुण होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वर्णनात, कानोकानी होणाऱ्या शिफारशीचे यांत्रिकीकरण, असे या कार्याचे स्वरूप सांगितलेले आहे. उपमा मार्मिक होती; मात्र कानोकानी आलेल्या शिफारशीत सांगणाऱ्याचा चेहरा दिसतो, तो येथे दिसत नव्हता.

या टप्प्यावर साक्ष कायम होती, परंतु साक्षीदार अनामिक झाला होता. गुण माणूसच देत होता, आणि ते आपले मत म्हणून देत होता. पण कोणाच्या मतास किती वजन द्यावयाचे हा निर्णय वाचकाकडून गणिताकडे गेला होता. हा बदल तत्कालीन संशोधकांच्या ध्यानात आला होता. मार्च १९९७ मध्ये पॉल रेझ्निक आणि हॅल व्हॅरियन यांनी या विषयावरील विशेषांकाची प्रस्तावना लिहिताना रूढ नावाऐवजी शिफारस-प्रणाली हे नाव पुढे केले. त्याची जी कारणे त्यांनी दिली त्यांतील एक असे की, शिफारस करणारे व ती घेणारे यांच्यात जाणीवपूर्वक सहयोग असेलच असे नाही. किंबहुना ते परस्परांस ओळखतही नसतील. दुसरे कारण असे की, या प्रणाली नको ते गाळण्याबरोबर हवे ते सुचवितातही. पहिले कारण येथे अधिक महत्त्वाचे. पाच वर्षांतच मूळ नावातील सहयोग हा शब्द वस्तुस्थितीस पुरेसा लागू पडेनासा झाला होता.

४

गुण देण्याच्या पद्धतीत एक व्यावहारिक अडचण होती. बहुतेक लोक गुण देण्याचे कष्ट घेत नसत. लेख वाचून झाला की वाचक पुढे जाई. आपले मत नोंदविण्यात त्याला तात्काळ लाभ दिसत नसे. गुणांचे कोष्टक त्यामुळे बहुतांशी रिकामे राही, आणि रिकाम्या कोष्टकावरून कोणाचे मत कोणाशी जुळते हे ठरविणे दुष्कर होई.

यावर उपाय सुचला तो खुणांचा. जपानमधील मासाहिरो मोरिता आणि योइची शिनोदा यांनी १९९४ मध्ये असे दाखविले की, वाचक एखाद्या लेखावर किती वेळ घालवितो यावरून त्याची त्या लेखातील गोडी बऱ्याच अंशी ओळखता येते. ग्रुपलेन्सच्या कर्त्यांनी उपर्युक्त १९९७ च्या विशेषांकातच आपल्या सार्वजनिक प्रयोगाची हकीकत दिली, आणि वाचनास लागलेल्या वेळावरून केलेले अंदाज प्रत्यक्ष गुणांवरून केलेल्या अंदाजांच्या जवळपास पोहोचतात, असा निष्कर्ष नोंदविला. ज्या अंकात सहयोग या नावाविषयी शंका घेतली गेली त्याच अंकात साक्षीवाचूनही काम भागते असे दाखविले जावे, ही गोष्ट या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे.

व्यापाराने हा मार्ग पुढे नेला. ॲमेझॉन या ग्रंथविक्रेत्या कंपनीपुढे ग्राहकांची संख्या हीच अडचण होती. प्रत्येक ग्राहकाची इतर प्रत्येकाशी तुलना करावयाची, तर तो पान उघडून वाट पाहत असताना ती पुरी होणे अशक्य. कंपनीच्या ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा ग्राहकांची संख्या २ कोटी ९० लाखांहून अधिक होती. त्यांनी तुलना माणसांची न करता वस्तूंची केली. अमुक ग्रंथ घेणारे दुसरा कोणता ग्रंथ घेतात, याचे कोष्टक आधीच तयार करून ठेवावयाचे, आणि ग्राहक आला की त्याने पूर्वी घेतलेल्या ग्रंथांच्या शेजारचे ग्रंथ त्याला दाखवावयाचे. मिनेसोटा विद्यापीठातील बद्रुल सारवार, जॉर्ज कारिपिस, जोसेफ कॉन्स्टन आणि जॉन रीडल यांनीही २००१ मध्ये वस्तूंच्या तुलनेवर आधारलेली पद्धती मांडून तिची परीक्षा केली होती.

या बदलाचा अर्थ दुहेरी आहे. एक तर, पुरावा म्हणून मताऐवजी खरेदीची नोंद आली. आणि खरेदी ही भेटीसाठी, परीक्षेसाठी अथवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरूनही होते. दुसरे असे की, समानधर्मी वाचक हा दुवाच या कोष्टकातून दिसेनासा झाला. आता ग्रंथाचा शेजारी ग्रंथ होता. माणसाचा शेजारी माणूस राहिला नव्हता.

५

२ ऑक्टोबर २००६ रोजी चित्रपटांच्या तबकड्या टपालाने भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने एक स्पर्धा जाहीर केली. आपल्या प्रणालीच्या अंदाजातील चूक जो १० टक्क्यांनी कमी करील त्याला १० लक्ष डॉलर मिळावयाचे होते. त्यासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुण, नावे काढून, स्पर्धकांच्या हाती देण्यात आले. इतका मोठा गुणसंग्रह संशोधकांस पूर्वी कधी उपलब्ध झाला नव्हता.

या स्पर्धेत पुढे आलेली मुख्य पद्धती म्हणजे कोष्टकाचे अवयव पाडणे. ग्राहक व चित्रपट यांचे अवाढव्य कोष्टक दोन लहान कोष्टकांचा गुणाकार आहे असे मानावयाचे. एकात प्रत्येक ग्राहकाचे काही अंक, दुसऱ्यात प्रत्येक चित्रपटाचे तितकेच अंक. हे अंक असे शोधावयाचे की, त्यांच्या गुणाकारातून दिलेले गुण शक्य तितके जवळून परत मिळावेत. मग न दिलेल्या गुणांचा अंदाजही त्याच गुणाकाराने करता येतो. अशा रीतीने सापडलेल्या अंकांपैकी काहींचा अर्थ लागतो, जसे चित्रपट गंभीर आहे की विनोदी. पुष्कळांचा कोणताच अर्थ सांगता येत नाही. ही गोष्ट या पद्धतीचे पुरस्कर्ते येहूदा कोरेन, रॉबर्ट बेल आणि क्रिस व्होलिन्स्की यांनी २००९ मधील आपल्या लेखात स्वतःच मान्य केली आहे. शिफारस का झाली या प्रश्नाचे उत्तर पूर्वी व्यक्तीच्या नावाने, पुढे वस्तूच्या नावाने देता येत होते. आता ते अनेकदा निनावी अंकांत राहिले.

२१ सप्टेंबर २००९ रोजी बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस या संघास पारितोषिक देण्यात आले. त्याने चूक ०.९५२५ वरून ०.८५६७ वर आणली होती. दुसऱ्या एका संघाचा निकाल तंतोतंत तेवढाच होता, पण तो २० मिनिटे उशिरा दाखल झाला होता. परंतु स्पर्धेचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच बोधप्रद आहे. अंतिम विजयी पद्धती कंपनीने पूर्णपणे वापरात आणलीच नाही. २०१२ मध्ये कंपनीने त्याचे कारण असे दिले की, वाढीव अचूकतेच्या मानाने ती राबविण्याचे श्रम फार होते. शिवाय मध्यंतरी तबकड्यांऐवजी इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय वाढला होता. तबकडी मागविणारा गुण देई. थेट पाहणाऱ्याने काय पाहिले, कोठे थांबविले, हे कंपनीला आपोआप कळत होते. एप्रिल २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने पंचतारांकित गुणपद्धती बंद करून केवळ आवडले अथवा नावडले एवढीच खूण ठेवली. ज्या गुणांसाठी १० लक्ष डॉलर देण्यात आले होते त्यांचे आयुष्य अशा रीतीने संपले.

निनावी गुणसंग्रह खरोखर निनावी होता काय, या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि व्हिटाली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, एखाद्या ग्राहकाने दिलेले ८ गुण, त्यांपैकी २ चुकीचे असले तरी, आणि त्यांच्या तारखा १४ दिवसांच्या फरकाने ठाऊक असल्या, तर संग्रहातील ९९ टक्के नोंदी एकमेव म्हणून ओळखता येतात. पुढे हा वाद न्यायालयात गेला, आणि मार्च २०१० मध्ये कंपनीने दुसऱ्या स्पर्धेचा बेत सोडून दिला. साक्षीदाराचे नाव वाचकापासून लपले. परंतु शोधू पाहणाऱ्यापासून ते लपले नव्हते.

६

खुणेचा पूर्ण स्वीकार दिसतो तो यूट्यूबच्या इतिहासात. २०१२ मध्ये या संस्थेने शिफारशीचा मुख्य निकष बदलला. चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला महत्त्व देण्यात आले. आकर्षक पण फसव्या शीर्षकांना आळा घालणे, हा या बदलाचा एक हेतू होता. पॉल कव्हिंग्टन, जे ॲडम्स आणि एम्रे सार्गिन यांनी २०१६ मध्ये तेथील प्रणालीचे वर्णन केले, त्यात क्रम लावण्याचे काम अपेक्षित दर्शनकाळाच्या अंदाजावर आधारलेले आहे. १९९४ मध्ये ज्या वेळेस गोडीचे गमक मानले गेले, तो वेळ आता प्रणालीचे साध्य बनला. गमक साध्य झाले म्हणजे त्याची गमक म्हणून किंमत कमी होते. कारण प्रणाली आवड ओळखण्याऐवजी वेळ वाढविण्याच्या मागे लागू शकते.

येथे साधनचिकित्सेचा एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. खूण विश्वसनीय ठरते, ती निरीक्षकाच्या अस्तित्वाने बदलत नाही म्हणून. शिफारस-प्रणालीच्या बाबतीत ही अट पुरी होत नाही. मूव्हीलेन्स या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रणालीवर डॅन कॉस्ली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात, लोकांना दाखविलेला अंदाज मुद्दाम वर अथवा खाली सरकविला असता त्यांनी दिलेले गुणही त्याच दिशेने सरकले. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांच्या २००६ मधील प्रयोगाचा विषय वैयक्तिक शिफारस हा नव्हता, तरी त्याचा निष्कर्ष येथे लागू पडतो. १४,३४१ लोकांना ४८ अपरिचित गीतांतून निवड करावयास सांगण्यात आले. इतरांनी कोणते गीत किती वेळा घेतले हे ज्यांना दिसत होते त्यांच्या आठ स्वतंत्र गटांत यशस्वी गीते वेगवेगळी निघाली, आणि यशातील विषमताही वाढली. तात्पर्य, ज्या नोंदीवरून प्रणाली आवडीचा अंदाज करते ती नोंद अंशतः तिच्याच पूर्वीच्या शिफारशींची फलश्रुती असते. स्वतःच लिहिलेल्या कागदाचा पुरावा म्हणून आधार घेणाऱ्या संशोधकासारखी तिची स्थिती होते.

७

या विवेचनावरून जुनी पद्धती सर्वस्वी चांगली होती असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. प्रत्येक बदलास सबळ कारण होते. टॅपेस्ट्री लहान समूहापलीकडे जाऊ शकत नव्हती. गुण देणारे थोडे होते, आणि जे गुण देत नसत त्यांच्या आवडीस कोणी वाली नव्हता. शिवाय माणूस जे आवडते म्हणून सांगतो आणि प्रत्यक्षात जे वाचतो त्यांत अंतर असते, व त्या अंतरात कृतीची खूण पुष्कळदा अधिक खरी ठरते. दूरच्या गावी बसलेल्या एखाद्या अभ्यासकास ज्या ग्रंथाचे नावही कानी आले नसते तो ग्रंथ या प्रणालींनी त्याच्यापुढे आणून ठेवला आहे, हे नाकारता येणार नाही.

परंतु लाभाबरोबर झालेली हानीही नोंदविली पाहिजे. १९९२ च्या वाचकास दोन अधिकार होते : कोणाचे ऐकावयाचे हे ठरविण्याचा, आणि अमुक गोष्ट आपल्यापुढे का आली हे जाणण्याचा. पहिला अधिकार १९९४ नंतर मागे पडला. दुसरा पुढील पंधरा वर्षांत क्षीण होत गेला. अलीकडील कायद्यांनी यांपैकी काही परत मिळविण्याचा यत्न केला आहे. १ मार्च २०२२ पासून चीनमध्ये अमलात आलेल्या नियमांनी वैयक्तिक शिफारस बंद करण्याची सोय देणे आवश्यक ठरविले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये संमत केलेल्या डिजिटल सेवा कायद्याच्या २७ व्या कलमाने शिफारशीचे मुख्य निकष सुबोध भाषेत सांगणे बंधनकारक केले, आणि ३८ व्या कलमाने अतिविशाल सेवांवर व्यक्तीच्या माहितीवर न आधारलेला किमान एक पर्याय देण्याची जबाबदारी टाकली.

या तरतुदींनी कारण जाणण्याचा अधिकार काही अंशी परत येतो, आणि नकाराचा अधिकार नव्याने मिळतो. आपल्या विश्वासातील माणसांच्या मताने निवड करण्याचा जो अधिकार टॅपेस्ट्रीच्या वाचकास होता, तो मात्र त्यांनी दिलेला नाही. तो मोठ्या समूहात पुन्हा देता येईल काय, हा तंत्राचा प्रश्न आहे तितकाच संस्थांच्या इच्छेचाही आहे. इतिहास एवढेच दाखवितो की, या पद्धतीच्या मुळाशी परस्परांस ओळखणारी माणसे होती, आणि त्यांचे लोप पावणे हे गणिताचे अटळ फळ नसून एकेका अडचणीवर निवडलेल्या एकेका उपायाचे फळ आहे.